मांडीवरचे प्रवासी

१ जून १९४८ या दिवशी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी सुटली. आणि बरोबर एका आठवड्याने, ८ जून १९४८ रोजी, मुंबईहून लंडनला एअर इंडियाचे पहिले विमान निघाले. ‘मलबार प्रिन्सेस’ असे त्या विमानाचे नाव होते आणि कैरो व जिनिव्हा असे मुक्काम घेत ते लंडनला पोहोचले. म्हणजे एस.टी. आणि लंडनचे विमान ही दोघे तशी पाठोपाठची भावंडेच. पण एस.टी. आपल्या वेशीपर्यंत आली, घरची झाली. विमान मात्र आपण अंगणात उभे राहून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पाहत आलो.

आता ते दिवस राहिले नाहीत. आज कोणत्याही गावात चौकशी करा, कोणाचा मुलगा दुबईला आहे, कोणाची लेक लंडनला, कोणाचा भाचा अमेरिकेत. ही माणसे सुट्टीला घरी येतात ती एकटी येत नाहीत. कडेवर एक, बोटाला एक अशी पोरे घेऊन येतात. आणि आता आजी-आजोबांनाही तिकडे बोलावणी येतात. म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या मांडीवरच्या प्रवाशांविषयी. वर्ष-दोन वर्षांच्या, तीन वर्षांच्या लेकरांना घेऊन नऊ-दहा तासांचा, प्रसंगी पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास कसा करावा, हा माझा विषय.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही प्राथमिक शाळेत पोरांना बाराखडी शिकवलीत, तुम्हांला विमानातले काय कळते? खरे आहे. मला जे कळले ते चुकून कळले, आणि ज्या चुका झाल्या त्या माझ्याच हातून झाल्या. त्याच आज सांगते.

माझी मुलगी लंडनला असते. एप्रिल महिन्यात ती दोन्ही मुलांना घेऊन गावी आली होती. मोठी नात तीन वर्षांची आणि धाकटा नातू चौदा महिन्यांचा. जावईबापूंना रजा कमी, म्हणून ते आधीच परत गेले. दोन पोरे घेऊन एकटीने जायचे म्हणून मुलगी म्हणाली, “आई, तूच चल ना माझ्याबरोबर.” व्हिसा वगैरे सोपस्कार झाले आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसले.

आधी कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. मूल कितीही लहान असो, त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, मोठ्यांसारखा दहा वर्षांचा नव्हे. म्हणून त्याची मुदत आधी पाहून घ्यावी. आई किंवा बाप एकटाच मुलाला नेत असेल, तर जन्माचा दाखला आणि दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र जवळ ठेवावे. काही देशांत ते विचारतात. दोन वर्षे पूर्ण न झालेले मूल मांडीवर बसून जाऊ शकते. परदेशी जाणाऱ्या विमानात त्याचे भाडे मोठ्या माणसाच्या साधारण एक दशांश पडते, पण त्याला स्वतंत्र जागा मिळत नाही. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकीट. जाताना मूल दोन वर्षांच्या आतले आणि येताना दोन पूर्ण झालेले, असेही होते. अशा वेळी परतीची जागा आधीच घ्यावी लागते. नाहीतर ऐन वेळी विमानतळावर तारांबळ उडते.

मांडीवरच्या मुलासाठी बऱ्याच देशांच्या विमानांत आईच्या पट्ट्याला अडकवायचा एक छोटा पट्टा देतात. तो मागून घ्यावा. आपल्याच पट्ट्यात पोराला मात्र कधीही आवळू नये. गचका बसला तर मोठ्या माणसाचा सगळा भार त्या कोवळ्या पोटावर येतो. आणि ऐपत असेल तर लहानग्यालाही वेगळी जागा घेऊन, विमानात चालणाऱ्या बालखुर्चीत पट्टा लावून बसवणे हे सर्वांत सुरक्षित. यामागे एक दुःखद हकीकत आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटी येथे एक मोडके विमान कसेबसे उतरवण्यात आले. त्यात चार मुले मांडीवरची होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे विमानातल्या प्रमुख सेविका जॅन ब्राऊन यांनी आयांना सांगितले की, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा. त्या चारांपैकी एक मूल दगावले. ही गोष्ट त्या बाईंच्या मनाला इतकी लागली की, लहान मुलाला स्वतःची जागा हवी यासाठी त्या पुढे वर्षानुवर्षे झटल्या. असे अपघात फार क्वचित होतात, त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण वाऱ्याच्या झोताने विमान हेलकावते ते मात्र नेहमीचे. पट्टा त्यासाठीही हवा.

आता कानांविषयी बोलते, कारण माझी पहिली चूक तिथे झाली.

आपण एस.टी.ने खंबाटकीचा घाट उतरतो तेव्हा कानांत दडे बसतात. आवंढा गिळला की ते सुटतात. असे का होते? कानाच्या आत एक पोकळी आहे आणि तिथून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की, या नळीतून हवा आत-बाहेर होऊन दोन्हीकडचा दाब सारखा व्हावा लागतो. गिळताना, जांभई देताना ती नळी उघडते. लहान मुलाची ही नळी अरुंद असते आणि सर्दी झाली असेल तर ती सुजून बंदच होते. मग कानाचा पडदा आत ओढला जातो आणि पोर कळवळते.

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडते. तिथली हवा इतकी विरळ की माणूस तगणार नाही, म्हणून आतल्या भागात यंत्राने हवा भरतात. पण ती आपल्या अंगणातल्या इतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितपत असते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. याचा अर्थ विमानात बसलेले बाळ काही तास कळसूबाईहूनही उंच डोंगरावर बसलेले असते म्हणा ना! आणि मग अर्ध्या तासात ते डोंगर उतरून खाली येते. कान जास्त दुखतात ते या उतरताना.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवते. सहल गडावर जाईल तेव्हा पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली वर नेऊन तिथे तिचे बूच घट्ट लावा आणि खाली आणा. पायथ्याशी ती चेपलेली दिसेल. मुलांना सांगा, विमान उतरताना बाळाच्या कानाचे असेच होते. विमान चढताना उलट घडते. बिस्किटांचा बंद पुडा फुगतो, तसा पोटातला वायूही फुगतो आणि बाळ पाय पोटाशी घेऊन रडते. म्हणून निघण्यापूर्वी पोटभर कोंबून भरवू नये. थोडे थोडे द्यावे आणि पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी.

तर माझी चूक काय झाली? लंडन जवळ आले. विमान उतरू लागल्याचे विमानातल्या बाईंनी जाहीर केले. नातू नुकताच, आठ तासांनी, माझ्या मांडीवर झोपला होता. मुलगी म्हणाली, “आई, उठव त्याला, पाजते.” मी म्हटले, “अगं, झोपल्या बाळाला उठवू नये. राहू दे.” आपल्याकडे तसा रिवाजच आहे. पण झोपेत मूल फारसे गिळत नाही. त्यातून त्याला थोडी सर्दी होती. दहा मिनिटांत ते असे किंचाळून उठले की माझ्या काळजाचे पाणी झाले. कान ओढत होते, तोंडाला पाणी लावू देत नव्हते. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, “मुले सांभाळता येत नाहीत तर आणावी कशाला?” माझी लेक काही बोलली नाही. तिने पदरासारखी ओढणी घेतली, पोराला छातीशी घेतले आणि पाजू लागली. चार-पाच घोटांनंतर कान सुटले असावेत. ते हुंदके देत देत शांत झाले.

म्हणून सांगते, विमान उतरण्याची सूचना झाली की झोपलेल्या बाळाला उठवावे. अंगावरचे पाजावे, नाहीतर बाटलीने किंवा वाटी-चमच्याने दूध-पाणी द्यावे. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी प्यायला लावावे, मोठ्याने जांभया देण्याचा खेळ खेळावा. सर्दी किंवा कानाचे दुखणे असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवल्याशिवाय निघू नये.

आणि त्या गृहस्थांसारख्या सर्वांना एक विनंती आहे. विमानात काय, एस.टी.त काय, लहान मूल रडते ते कोणाला त्रास द्यावा म्हणून नव्हे. त्याला दुखते आणि सांगता येत नाही. त्या वेळी आईकडे डोळे वटारून पाहण्याऐवजी, “द्या थोडा वेळ माझ्याकडे,” एवढे कोणी म्हटले तरी तिला दहा हत्तींचे बळ येते.

आता दुसरी चूक. ही सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितलीच पाहिजे.

निघण्यापूर्वी शेजारणीने कानमंत्र दिला होता : “सर्दीचे औषध असते ना गोड, ते चमचाभर पाजा. पोर झोपते, प्रवास सुखाचा होतो.” मी ती बाटली पिशवीत टाकली होती. सहाव्या तासाला दोन्ही पोरे रडू लागली. मुलीचा चेहरा उतरला होता. मी हळूच बाटली काढली. तेवढ्यात तिने माझा हात धरला. म्हणाली, “आई, नको. तूच तर आजीच्या घरची ती गोष्ट सांगायचीस.”

ती गोष्ट अशी. माझ्या सासूबाईंची आई मुंबईला गिरणीत कामाला होती. त्या काळी गिरणगावातल्या कितीतरी बाया कामावर जाताना तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देत. पोर दिवसभर निपचित पडून राही. हौसेने नव्हे हो, पोट हातावर, दुसरा इलाजच नव्हता. सासूबाईंच्या पाठचा भाऊ असाच एके दिवशी झोपला तो उठलाच नाही. सासूबाई हे सांगत तेव्हा त्यांचे हात थांबत. मी ती हकीकत शाळेतल्या मुलींनाही सांगत आले. आणि आज मीच, शिकलेली बाई, गोड औषधाची बाटली हातात घेऊन बसले होते! नाव बदलले, गोळीची बाटली झाली, पण पोराला गुंगी देऊन गप्प करण्याची बुद्धी तीच.

लंडनला गेल्यावर मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की अशा औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट जास्तच चाळवतात. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा श्वास त्याने मंदावू शकतो. विमानातली हवा आधीच विरळ, त्यात श्वास मंदावणे धोक्याचे. आजारासाठी दिलेले औषध आजारासाठी. प्रवासात झोपवण्यासाठी नव्हे. श्रोतेहो, ही एक गोष्ट तरी गाठीला बांधून ठेवा.

मग औषध नको, तर पोरांना रमवायचे कसे? तीन वर्षांच्या मुलाला एकच खेळणे फार तर पंधरा-वीस मिनिटे पुरते. म्हणून सगळा खजिना एकदम उघडू नये. जुन्या रुमालात एकेक वस्तू बांधून पुरचुंड्या कराव्यात आणि तासा-तासाने एकेक सोडावी. रंगीत खडू, कोरी वही, कापडाची बाहुली, एखादे चित्रांचे पुस्तक. मणी, चिंचोके, गोट्या मुळीच नकोत. पोर तोंडात घालते. शेंगदाणे, फुटाणेही नकोत. इतक्या लहान मुलाच्या घशात ते अडकतात. मी नातीला कागदाची होडी, टोपी, पंखा करून दिला, चिऊ-काऊची गोष्ट सात वेळा सांगितली. अधूनमधून पट्टा सोडायची परवानगी असे तेव्हा बोटाला धरून तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणले. पलीकडच्या रांगेतल्या एका परक्या आजोबांनीही तिला कागदाचा बेडूक करून दिला. भाषा दोघांनाही कळत नव्हती, पण बेडूक कळला.

खाण्याचे म्हणाल तर घरचे कोरडे खाणे उत्तम. पोळीचा लाडू, धिरडे, मऊ पुरी, केळे. विमानातली हवा फार कोरडी असते, ओठ फुटतात, म्हणून पाणी वरचेवर पाजावे. पातळ पदार्थांचा मात्र नियम कडक आहे. २००६ साली ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटलीतच नेण्याची पद्धत पडली. बाळाचे दूध आणि गरजेचे औषध यांना सवलत असते. ते वेगळे काढून तपासनिसांना दाखवावे. आणखी एक, दुबईमार्गे जाणार असाल तर लाडवांत खसखस घालू नका. खसखस अफूच्याच बोंडातली, म्हणून तिकडे तिला सक्त बंदी आहे. आजीच्या मायेच्या लाडवाने लेकराच्या आईबापांना पोलिसात जावे लागायचे!

अंगावरच्या कपड्यांचा एक जोड मुलासाठी जास्त घेतोच आपण. एक आईसाठीही घ्यावा. पोर ओकते ते आईच्या अंगावर. लंगोट म्हणा, डायपर म्हणा, तासाला एक या हिशेबाने घ्यावेत. उरले तर ओझे होत नाही, सरले तर मात्र वर आभाळात दुकान नाही.

विमान सुटण्यापूर्वी एक सूचना देतात. हवा कमी झाली तर वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतील. आधी स्वतःला लावा, मग मुलाला. हे ऐकून मला राग आला. म्हटले, कोणती आई आधी स्वतःचे पाहील? मुलीने समजावले की इतक्या उंचीवर हवा गेली तर माणसाची शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटातच हरपते. आई आधी मुलाच्या मुखवट्याशी झटापट करत बसली आणि भोवळ येऊन पडली, तर दोघेही जातील. मग पटले. विहिरीत बुडत्याला काढायला उतरणारा आधी स्वतःच्या कमरेला दोर बांधतो, तो काही भित्रा नसतो. दोर बांधतो म्हणूनच तो दोघांना वर आणतो. दमलेल्या आईने प्रवासात दोन घास खावेत, घटकाभर डोळा लावावा आणि पोर दुसऱ्याकडे द्यावे, हेही त्याच सूचनेत आले असे मी समजते.

शेवटी, जे प्रवासाला जाणार नाहीत पण ज्यांच्या घरी सुट्टीला नातवंडे येणार आहेत, त्यांच्यासाठी चार शब्द. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असते आणि हिवाळ्यात साडेपाच तास. न्यूयॉर्कचे तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. म्हणजे आपली रात्र तो त्यांचा दिवस. हातातले घड्याळ क्षणात फिरवता येते, अंगातले घड्याळ फिरत नाही. ते दिवसाला साधारण तासाभराने सरकते. म्हणून अमेरिकेहून आलेले पोर आठवडाभर मध्यरात्री टक्क जागे राहील, दोन वाजता भूक म्हणेल आणि दुपारी जेवताना ताटावर पेंगेल. त्याची दृष्ट काढून हे जाणार नाही, आणि “आईने सवयी बिघडवल्या” म्हणून सुनेला बोलूनही जाणार नाही. सकाळी त्याला अंगणात, गोठ्यात, उजेडात खेळू द्या. दुपारची झोप तासा-दीड तासाची होऊ द्या, मग उठवा. रात्री दिवे मालवा आणि जवळ निजा. सूर्याचा उजेड हाच ते घड्याळ फिरवतो. पहिले दोन-चार दिवस पाहुण्यांची रीघ लावू नका, पाणी उकळून गार केलेले द्या आणि रात्री मच्छरदाणी लावा.

लंडनला पोहोचल्यावर पहिल्या रात्री नात अडीच वाजता उठून बसली. गावाकडे तेव्हा सकाळचे सात वाजले होते. तिने मला हलवले आणि विचारले, “आजी, कोंबडा का नाही ओरडला?” मी म्हटले, “अगं, इथला कोंबडा अजून झोपलाय.” तिला ते पटले. माझ्या कुशीत शिरून ती म्हणाली, “मग आपण हळू बोलू.” आणि मग आम्ही दोघी पहाट होईपर्यंत हळू आवाजात बोलत राहिलो.

श्रोतेहो, इतक्या लांब पोरांना न्यायचे, आणायचे, एवढे हाल सोसायचे, ते कशासाठी? आजीला नातीचा आवाज टेलिफोनवर ऐकू येतो, आता चेहराही दिसतो. पण कुशी काही टेलिफोनातून देता येत नाही. तेवढ्यासाठी हा प्रवास करायचा. तो नीट, समजून करावा, एवढेच माझे सांगणे.